नऊशे डॉलरची गरी

गाइडबरोबर केलेल्या दोन दिवसांच्या मासेमारीबद्दल लिहायचंय. सुरुवात वेडर्सपासून करते, कारण पाणीही तिथूनच आत आलं. वेडर्स म्हणजे छातीपर्यंत येणारी, पायमोज्यासकट शिवलेली जलरोधक विजार. ती चढवून नदीत उभं राहायचं. मला भाड्याने मिळालेल्या जोडीला डाव्या टाचेपाशी भोक होतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात एप्रिलच्या मध्यावर रॅपिडन नदीचं पाणी होतं ११ अंश सेल्सियस, आणि दहा मिनिटांत ते माझ्या मोज्यात होतं. त्यानंतर दिवसभर तो पाय माझा नव्हताच. दुकानाने संध्याकाळी कुरकुर न करता भाडं परत दिलं. त्यामुळे दुकानाचं नाव लिहून त्यांना छळत नाही. पण व्हर्जिनियातल्या कुठल्याही दुकानातून वेडर्स भाड्याने घ्याल, तर आधी बादलीभर पाण्यात पाय बुडवून बघा. लाज वाटली तरी बघा.

'नवशिक्यांसाठी' असं लिहिलेलं हे पॅकेज नवऱ्याने पन्नाशीची भेट म्हणून दिलं होतं. एप्रिलमध्ये एक दिवस शेनंडोआ नॅशनल पार्कच्या डोंगरात ओढ्यातला ब्रूक ट्राउट मासा, मे महिन्यात एक दिवस खाली दरीतल्या मोठ्या नदीवर बोटीतून स्मॉलमाउथ बास मासा. गाइड, काठ्या, गळ, दुपारचं जेवण सगळं त्यांचं. टिप धरून नऊशे डॉलरच्या थोडं वर गेलं. राज्याचा मासेमारीचा परवाना आपला आपण काढायचा, हे आदल्या दिवशी फोनवर कळलं. बुकिंगच्या वेळीच सांगायला काय जातं होतं?

मी मूळची सिंधुदुर्गातल्या वालावलची. कर्ली नदीच्या काठावर बाबांबरोबर गरवायला बसण्यात बालपण गेलं, त्यामुळे 'नवशिक्यांसाठी' हा शब्द वाचून मला जरा रागच आला होता. गरी (गळ) म्हणजे काय ते मला सांगता? सुंगट (कोळंबी) लावायचं, दोरी टाकायची, तर्जनीवरून एक वेढा घ्यायचा आणि गप्प बसायचं. मासा आला की बोटाला कळतं. तांबोशीची ओढ वेगळी, चोणकाची वेगळी. बाबा तर डोळे मिटून सांगायचे.

तर गाइड. साठीचा, शिडशिडीत, सकाळी फारसं न बोलणारा. पार्कमधल्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्यावर माइलम गॅपला गाडी लावली आणि मिल प्राँग ओढ्याच्या कडेकडेने दोन मैल खाली उतरलो. तिथे मिल प्राँग आणि लॉरेल प्राँग एकत्र येतात आणि रॅपिडन सुरू होते. त्या संगमावरच १९२९ साली राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी आपला तळ बांधला. त्यांच्या अटी तीनच होत्या : वॉशिंग्टनपासून शंभर मैलांच्या आत हवं, ट्राउटचा ओढा हवा आणि डास नकोत म्हणून उंची अडीच हजार फूट तरी हवी. त्यांचं ब्राउन हाउस अजून उभं आहे. अख्ख्या देशाचा माणूस मासे धरायला इथे येत होता हे ऐकून टाचेचं भोक पाच मिनिटं विसरले.

पहिला धक्का आमिषाचा. पार्कमध्ये गांडूळ-बिंडूळ काही चालत नाही, एकच काटा असलेला कृत्रिम गळच लागतो. त्यावर पिसं आणि केस गुंडाळून माशीचा आकार दिलेला. (माशी लावून मासा धरायचा, हे मराठीत सांगताना माझी दरवेळी बोबडी वळते.) गाइडने मला बांधून दिली ती 'मिस्टर रॅपिडन'. ही माशी याच डोंगराच्या पलीकडच्या एडिनबर्ग गावातल्या हॅरी मरी यांनी इथल्या वसंतातल्या खऱ्या माश्यांवर बेतली. आधी क्विल गॉर्डन नावाची माशी निघते, मग मार्च ब्राउन. मार्च ब्राउन नाव असून इथे ती एप्रिलमध्ये निघते. झाडांच्या सावलीत दिसावा म्हणून मिस्टर रॅपिडनला पिवळ्या केसांचा तुरा असतो. माझ्या चष्म्याच्या नंबरला तो तुरा देवासारखा धावून आला.

दुसरा धक्का जास्त लागला. पहिल्या दोन तासांत अकरा मासे वर आले आणि अकराही गेले. मी बोटाला कळायची वाट बघत होते ना! ब्रूक ट्राउट माशी तोंडात घेतो, पिसं आहेत हे त्याला कळतं आणि तो थुंकून मोकळा होतो, सगळं जेमतेम एका सेकंदात. गाइड एवढंच म्हणाला, "हाताला कळलं, म्हणजे तो गेला." इथे बोट नाही, डोळा लागतो. पिवळा तुरा नाहीसा झाला की त्याच क्षणी काठी उचलायची. चाळीस वर्षांची सवय मोडायला मला दुपार झाली.

पण त्या दुपारी त्याने जे शिकवलं, त्यासाठी मी पूर्ण नऊशे एकट्या त्या दिवसाचे द्यायला तयार आहे. त्याने मला पाणी वाचायला लावलं. मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून आपण खालून वर, त्याच्या पाठीमागून, वाकून जायचं. खडकाला वळसा घालून धार जिथे मंदावते, तिथे तो आयत्या घासाची वाट बघत थांबतो. मधल्या वेगवान पाण्यावर दोरी पडली की ती माशीला ओढत नेते, आणि कुठलाही खरा किडा पाण्यावर असा खेचला जात नाही. म्हणून काठी उंच धरून दोरी हवेतच ठेवायची. वर लॉरेलच्या फांद्या इतक्या खाली की मागे काठी फिरवायला जागा नाही. तिथे माशी चिमटीत धरायची, काठी धनुष्यासारखी वाकवायची आणि सोडून द्यायची. बेचकीने कैऱ्या पाडलेल्या बाईला हे पहिल्या झटक्यात जमलं. तो दिवसभरात एकदाच हसला, ते तेव्हा.

आणि काठी? साडेसात फुटी, थ्री-वेट (हा काठी-दोरीच्या भाराचा आकडा, लहान तितकी हलकी), छडीएवढी हलकी. वेडर्सचं पाप तिने धुतलं.

दुपारी दोनच्या सुमाराला पहिला मासा आला. सात इंचांचा! वालावलला एवढा मासा मांजरालाही कमी पडला असता. पण तो बघा. पाठीवर गांडुळांनी ओढल्यासारख्या नागमोडी रेषा, कुशीवर निळ्या कड्यात बसवलेले लाल ठिपके, पोटाखालच्या केशरी परांना लुगड्याच्या काठासारखी पांढरी किनार. हात ओले करून, पाण्याबाहेर न काढताच गाइडने गळ सोडवला आणि मासा गेला. रॅपिडनमध्ये सगळे सोडावेच लागतात. रात्री बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "सोडलंस? मगे गेलंस कित्याक?" मला उत्तर सुचलं नाही.

जेवणाबद्दल : 'शाकाहारी' असं लेखी कळवलं होतं. त्या दिवशी संकष्टी होती. पावात लेट्यूसची दोन पानं आली. पुढच्या खेपेला डबा घेऊन गेले.

ती पुढची खेप मे महिन्यात, साउथ फोर्क शेनंडोआवर. ही नदी उत्तरेला वाहते, त्यामुळे इथले लोक दक्षिणेला जाताना 'वर' चाललो म्हणतात. मी दोनदा चुकीच्या वळणावर गेले. गाइड तोच. तो वल्ही मारणार, मी पुढे उभी राहून नऊ फुटी, सिक्स-वेट काठी फिरवणार. गळ क्लाउझर मिनो, म्हणजे पेन्सिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी स्मॉलमाउथसाठीच बांधलेला. त्याला शिशाचे डोळे असतात, त्यामुळे तो बुडतो आणि काटा वरच्या बाजूला राहून तळात अडकत नाही. आणि इथे मासा पाण्याखाली घेतो. दोरी बोटावरून येते. ठप्प! बोटाला कळलं. माझं माहेरच की हे. चौदा मासे आले, सगळ्यात मोठा सोळा इंचांचा, तीनदा हवेत उडाला. स्मॉलमाउथ मूळचा इथला नव्हेच, १८५४ साली ओहायोच्या बाजूने रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून, शेनंडोआ जिला मिळते त्या पोटोमॅक नदीत आणून सोडला, असं सांगतात. ताकद मात्र घरच्या धन्यासारखी दाखवतो.

उथळ पाण्यात रेतीवर वाटोळे स्वच्छ चट्टे दिसत होते. ती नरांनी शेपटीने झाडलेली घरटी. नर तिथून हलत नाही, समोर काहीही आलं तरी चावतो. तिथे गळ टाकला असता तर चौदाचे तीस झाले असते. गाइडने बोट लांबून काढली आणि गळ टाकू दिला नाही. हे त्याच्या खात्यावर ठळक लिहून ठेवते.

तरीही दुसऱ्या दिवसाचे पैसे जड वाटले. कुठे टाकायचं ते तो सांगणार, बोट तोच वळवणार, तुटलेला गळ तोच बांधणार. मी फक्त हात हलवला. मासे दुप्पट मोठे, शिकले काहीच नाही. ज्यांना फोटो हवेत, सोबत मुलं आहेत किंवा ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी बोटीचा दिवस जरूर घ्यावा. ज्यांनी आधी कधी गरवलंय, त्यांनी फक्त डोंगराचा दिवस घ्यावा. बास तुम्हाला उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर गुडघाभर नदीत उतरून, स्वतःच्या काठीने मिळेल. मी जूनमध्ये तसंच केलं. तीन मासे आले, दोन गळ झाडात राहिले.

वेडर्स विकतच घेतले. बादलीत बुडवून.