कवितासंग्रह पॅकेज, ५०० प्रती: छपाई पक्की, अक्षरजुळणी कच्ची

जळगावातल्या एका प्रेसचं ‘कवितासंग्रह पॅकेज’ सध्या खान्देशातल्या काव्यमंडळांत बरंच चर्चेत आहे. मासिक बैठकीत कुणी उभं राहून ‘माझा संग्रह आला’ म्हटलं, की टाळ्या ओसरायच्या आत प्रश्न येतो, ‘कुठं छापला? केवढ्यात पडला?’ उत्तर बऱ्याचदा याच पॅकेजचं असतं. डेमी आकार, ९६ पानं, ५०० प्रती, डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी), दोन प्रुफं (छपाईआधी तपासायच्या प्रती), रंगीत मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), बांधणी, सगळं एका रकमेत. प्रेसचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. धुळ्याला, नंदुरबारला, भुसावळला असंच पॅकेज घेतलेल्यांच्या तक्रारीही थोड्याफार फरकाने याच असतात.

निकाल आधीच सांगितलेला बरा. छपाई आणि बांधणी इथे करावी, अक्षरजुळणी बाहेरून करून न्यावी. पॅकेज फोडून मागितलं तर देतात, काउंटरवर आपणहून कुणी सांगत नाही एवढंच.

आधी कागद. डेमी म्हणजे १८ × २३ इंचांचा ताव. घड्या घातल्या की त्याची १६ पानं होतात, तो एक फर्मा. छाटल्यावर पुस्तक साडेपाच × साडेआठ इंचांचं राहतं. ९६ पानं म्हणजे ६ फर्मे, ५०० प्रतींना ३,००० ताव, मशीन लावताना वाया जाणारे धरून ३,१५०, म्हणजे सव्वासहा रीमच्या थोडं वर (रीम म्हणजे ५०० ताव). पॅकेजमध्ये ७० जीएसएम मॅपलिथो, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा साधा छपाईचा कागद, दिलेला आहे. कादंबरीला तो चालून जातो. कवितेचं पान मात्र निम्मं कोरं असतं आणि त्या कोऱ्या जागेतून पाठीमागच्या ओळी पुसट डोकावतात. वाचणाऱ्याला कारण कळत नाही, पान मळकट वाटतं. ८० जीएसएमचा नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर कागद, मागा. ७० मध्ये ५०० प्रतींना साधारण ५९ किलो कागद लागतो, ८० मध्ये ६७. फरक आठ किलोंचा, पण पुस्तक हातात घेतल्याबरोबर जाणवतो.

पानांची संख्या कुठे फसते? कवितांच्या आधीच्या मजकुरात. शीर्षकाची पानं, मुद्रणहक्काचं पान, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मनोगत, अनुक्रमणिका यांत एक फर्मा सहज जातो. कवितांसाठी उरतात ८० पानं. आणि प्रस्तावनाकार हा प्राणी चार पानं मागितली की बारा देतो, तीही शेवटच्या आठवड्यात. मग सातवा फर्मा लावावा लागतो, नाहीतर पानं भरायला दोन कविता एका पानावर कोंबल्या जातात. प्रस्तावना हातात आल्याशिवाय पानांचा आकडा प्रेसला देऊच नये.

छपाईला नावं ठेवायला जागा नाही. शाई सगळीकडे सारखी, पानाच्या दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींवर नीट बसलेल्या, छाटणी काटकोनात. या आकड्याला ऑफसेटच, म्हणजे प्लेटा बनवून केलेली छपाईच, योग्य. प्लेटांचा खर्च ३०० प्रती काढा की १,००० काढा, तेवढाच असतो, त्यामुळे १,००० प्रतींचा खर्च ५०० च्या दुप्पट होत नाही. दीडशे-दोनशेच प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते. इथले लोक तेही स्पष्ट सांगतात, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

आता अक्षरजुळणी.

कविता हल्ली मोबाइलवर लिहिली जाते आणि व्हॉट्सॲपवरच प्रेसला जाते. तो मजकूर युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या फोनांवर-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतातला. प्रेसचा डीटीपीवाला अजून पेजमेकर (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टवर बसलेला. पेजमेकरला युनिकोड देवनागरी कळत नाही, म्हणून मजकूर कन्व्हर्टरमधून काढतात. तिथे ठरावीक ठिकाणी मोडतोड होते. ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ मधला अर्धा र सुटतो किंवा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो. अवतरणचिन्हं उलटी पडतात. ‘श्र’, ‘रू’, ‘द्ध’, ‘ह्य’ असलेला प्रत्येक शब्द बोट ठेवून तपासावा लागतो. प्रमाण मराठीत या चुका निदान नजरेत भरतात. अहिराणीत, म्हणजे खान्देशच्या बोलीत, त्या दिसतही नाहीत, कारण दुरुस्त करणाऱ्याला त्या दुरुस्त्याच वाटतात.

नमुन्यादाखल ही एक साधी ओळ बघा:

वावरमा पानी उनं, डोयामाबी उनं.

शेतात पाणी आलं, डोळ्यांतही आलं. आता ही ओळ शुद्धलेखन जाणणाऱ्या हातातून गेली की काय होतं? ‘पानी’चं ‘पाणी’ होतं. ‘डोयामाबी’चं ‘डोळ्यामाबी’ होतं, म्हणजे धड अहिराणी नाही, धड मराठी नाही. आणि ‘उनं’चं ‘ऊन’ होतं. आलं याचं झालं ऊन! व्याकरणाला धक्का नाही, स्पेलचेक गप्प, आणि पावसाच्या कवितेत दोनदा ऊन पडलेलं. ‘शे’ म्हणजे आहे, त्याच्यापुढे कुणीतरी टिंब देऊन शंभराचं संक्षिप्त रूप करून ठेवतो. बहिणाबाई चौधरींच्या जिल्ह्यात बोलीला इतकं परकं समजावं याचं नवल वाटतं, पण डीटीपीवाल्याचा दोष अर्धाच. त्याला पानामागे पैसे मिळतात आणि ‘अशुद्ध’ सोडलं म्हणून कवीच्या शिव्याही त्यालाच खाव्या लागतात.

उपाय आहे. हस्तलिखितासोबत एक पानाची शब्दयादी द्यायची: बोलीचा शब्द, त्याचं कायम ठेवायचं लेखन, शेजारी अर्थ. ‘पानी’ लिहायचं की ‘पाणी’ हे कवीने आधी स्वतः ठरवावं. पान १२ वर एक आणि पान ४० वर दुसरं असेल तर प्रेसला बोल लावता येत नाही. यादीच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहायचं: न विचारता दुरुस्ती करू नये. यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे युनिकोडमध्ये आणि इनडिझाइनवर (पानं लावायच्या नव्या सॉफ्टवेअरवर) काम करणाऱ्याकडून पानं लावून घ्यायची आणि प्रेसला फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट आतच बसवलेली, पीडीएफ द्यायची. मग कन्व्हर्टरचा संबंधच येत नाही. हे प्रेस अशी पीडीएफ कुरकुर न करता घेतं.

पानं लावताना कवितेची गरज वेगळी, हे मात्र इथे कुणाला माहीत असल्याचं दिसत नाही. १२ पॉइंटच्या अक्षराला दोन ओळींत १८ पॉइंटचं अंतर लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. पॅकेजमध्ये १५ ठेवतात, पानं वाचवायला. डेमीच्या पानावर या आकारात एका ओळीत साधारण ३५ ते ४० अक्षरं बसतात. मुक्तछंदातली ओळ याहून लांब असेल तर ती तुटणारच. तुटलेला तुकडा आत सरकवून द्यायला सांगा, तो समासालाच लागला तर नवी ओळ वाटते आणि लय मोडते. गझलेचा शेर दोन पानांत विभागायचा नाही. ओवीचा शेवटचा अर्धा चरण पुढच्या पानावर ढकलायचा नाही. कडवं पानाच्या तळाशी संपत असेल तर पुढच्या पानावर कडवं नवं आहे की तेच चालू आहे, हे वाचणाऱ्याला कळायची सोय नसते. अशा जागी एक ओळ पुढे ढकलून तोड कडव्याच्या मध्ये दिसेल अशी ठेवतात, किंवा कविताच पुढच्या पानावर सुरू करतात.

दोन प्रुफं पुरत नाहीत, तीन घ्या. तिसऱ्याचे जास्तीचे पैसे लागतात, ते द्यावे. पहिलं प्रुफ शब्दांसाठी, दुसरं पानांसाठी, तिसरं फक्त सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या का आणि त्या करताना शेजारी नवं काही मोडलं का, हे बघण्यासाठी. अनुक्रमणिकेतले पानांक सगळ्यात शेवटी जुळवायचे. मोबाइलवर पीडीएफ बघून ‘ओके’ पाठवणं हीच बहुतेक चुकांची आई. कागदावर काढा, आणि प्रिंट काढताना ‘ॲक्च्युअल साइज’ निवडा. ‘फिट’ ठेवलं तर ए-फोरवर अक्षर मोठं दिसतं आणि छापून आल्यावर बारीक वाटतं. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवायचं. मंडळातला मित्र यासाठीच असतो. शेवटच्या प्रुफाच्या प्रत्येक पानावर सही आणि तारीख घाला.

मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्डावर, मॅट लॅमिनेशनसह. छान होतं. दोन गोष्टी सांभाळा. कणा जेमतेम साडेचार-पाच मिलिमीटरांचा असतो, कटिंगमध्ये एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला की कण्यावरचं शीर्षक मुखपृष्ठावर सांडतं. अक्षर लहान ठेवा, कण्याचा रंग मुखपृष्ठाहून वेगळा ठेवू नका. दुसरं म्हणजे लॅमिनेशन फक्त बाहेरून असतं. उन्हाळ्यात छापलेली प्रत पावसाळ्यात आतल्या बाजूने दमट हवा पिते, आतला कागद फुगतो, बाहेरची फिल्म ताणत नाही, आणि कव्हर बाहेर वळतं. खोके उघडे ठेवायचे नाहीत, प्रती आडव्या रचून वर वजन ठेवायचं.

बांधणी पॅकेजमध्ये परफेक्ट आहे, म्हणजे कणा घासून गरम गोंद. कवितेच्या पुस्तकाला ती पुरत नाही. कवी एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात पुस्तक उलटं दुमडून वाचतो. दोन-चार कार्यक्रमांत मधली पानं हातात येतात. त्यात खान्देशातला मे महिना, पारा ४५ च्या आसपास, आणि पत्र्याखाली ठेवलेले खोके, मग गोंद दगा देतो. जुजबंदी करून घ्या. फर्मे दोऱ्याने शिवून मग गोंद लावतात. या प्रेसची जुजबंदी उत्तम आहे, मागितली तर.

आयएसबीएन ‘पॅकेजमध्ये फुकट’ असं सांगतात. तो सरकारकडूनही फुकटच मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी ऑनलाइन अर्ज घेते आणि लेखक स्वतःच्या नावानेही मागू शकतो. प्रेसचा क्रमांक घेतला तर प्रकाशक म्हणून प्रेसचं नाव नोंदलं जातं, हे माहीत असू द्या. बारकोड पांढऱ्यावर काळाच ठेवा. लाल पट्ट्या मुखपृष्ठाला शोभतात, पण स्कॅनरचा उजेड लाल असल्यामुळे त्याला त्या दिसतच नाहीत.

वेळेबाबत प्रेस तीन आठवडे सांगतं. तुळशीच्या लग्नानंतर ते आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) लग्नपत्रिकांची गर्दी असते, दिवाळीआधी अंकांची, निवडणूक लागली तर काही विचारायलाच नको. आषाढ-श्रावणात मशीन मोकळं असतं. बैठकीत ‘अमुक तारखेला प्रकाशन’ असं जाहीर करून मग प्रेसची पायरी चढणारे फसतात. निमंत्रणपत्रिका वाटून झालेली, मग शाई नीट वाळायच्या आत फर्मे दुमडले जातात आणि समोरासमोरच्या पानांवर एकमेकांचे डाग उमटतात. जुजबंदी सोडून नुसता गोंद लावतात तोही अशाच घाईत. तिसरं प्रुफ सही होईपर्यंत बातमी पोटात ठेवावी.

डिसेंबरात छापणाऱ्यांनी मुद्रणहक्काच्या पानावरचं वर्ष नीट बघावं. राज्य वाङ्मय पुरस्कारांना पुस्तक कोणत्या सालचं, ते त्यावरून ठरतं, आणि पहिल्या कवितासंग्रहाचा पुरस्कार तर बहिणाबाईंच्याच नावाचा आहे. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे. तिचा विचार मात्र छापण्याआधीच करायचा असतो.

प्रती हातात आल्या की चार बाजूला काढा. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीची ठरलेली ग्रंथालयं यांना प्रकाशकाने स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. पॅकेजमध्ये हे काम नाही, विचारलं तर खांदे उडवतात. बाकीच्यांना पाठवायला १ मे २०२५ पासून पोस्टाची ज्ञानपोस्ट सेवा आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं आणि आत जाहिरात नको. ७० जीएसएमची ९६ पानी प्रत साधारण १२० ग्रॅम भरते, ८० ची १३५. दोन प्रती एका पाकिटात २० रुपयांत जातात, पाकीट पातळ असेल तर.