पांदण, मुरूम, डांबर: ग्रॅव्हल सायकलला कोणता टायर घ्यावा?

दारव्ह्याहून सकाळी निघालं की पहिले दहा-बारा किलोमीटर डांबर. मग गावाकडे वळणारा, गिट्टी उघडी पडलेला ग्रामसडकेचा तुकडा, त्यापुढे मुरूम टाकलेली पांदण आणि शेवटी मुरूमही संपून नुसती काळी माती. परतताना हेच उलट. साधारण 40 किलोमीटरची ही माझी नेहमीची फेरी. गेल्या पाच वर्षांत याच वाटेवर मी चार जातींचे टायर झिजवले आहेत. तुमच्याकडे ग्रॅव्हल सायकल (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीची, रुंद टायरची सायकल) असेल, किंवा 700सी चाकांची हायब्रिड असेल आणि आता टायर बदलायचे असतील, तर त्या चारांची तुलना तुमच्या कामी यावी म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. बाहेरदेशातले आढावे टायरच्या नक्षीवर पानंच्या पानं खर्च करतात, कारण त्यांच्याकडे ओलं जंगल आणि बारीक खडीचे रस्ते असतात. आपल्याकडे टायरचा निकाल लावतात तो काटा, काळी माती आणि ऊन. म्हणून माझा क्रम असा: आधी रुंदी, मग ट्यूबलेस की ट्यूब, आणि नक्षी सगळ्यात शेवटी.

दुकानात जायच्या आधी टायरच्या कडेवरचा आकडा वाचा

जुन्या टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत 40-622 असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ग्रॅव्हल आणि हायब्रिडचं 700सी चाक म्हणजे 622चं. 29 इंची एमटीबीचं (माउंटन बाइकचं) रिमही 622चंच, त्यामुळे सायकलीत जागा असेल तर तिचे बारीक टायरही चालतात. 650बी म्हणजे 27.5 इंच, म्हणजे 584. हे का सांगतो, तर 700सीला बोलताना '28 इंची' म्हणतात, आणि आपल्या काळ्या दांडीच्या सायकलीचा 28 × 1½ टायरही 28 इंचीच. पण तो 635चा. एका तालुक्याच्या दुकानातून मला तोच बांधून मिळाला होता. घरी येऊन लावला तर रिमवर ढिला फिरायला लागला, आणि परत जायला पुन्हा एस.टी.चा अर्धा दिवस गेला. इंच विचारू नका, 622 आहे का ते विचारा.

चार जाती

पहिली जात गुळगुळीत टायरची, 32 ते 38 रुंदीची. मधे साधा रबर, फार तर बारीक कानसरेघा. पॅनारेसर ग्रॅव्हलकिंगची साधी आवृत्ती या जातीची. डांबरावर याला तोड नाही. यवतमाळ रस्त्याला वारा पाठीशी असेल तर सायकल आपोआप पळते. अडचण गिट्टीवर सुरू होते. बारीक टायरमध्ये रिम दगडावर आपटू नये म्हणून हवा जास्त ठेवावी लागते, आणि जास्त हवेचा टायर प्रत्येक दगडावर उडतो. तो हादरा तुमच्या मनगटात आणि कमरेत जिरतो, म्हणजे पायाची ताकद तिकडे वाया जाते. गुळगुळीत रस्त्यावर कडक टायर वेगवान, पण उखडलेल्या रस्त्यावर तोच मंद, हे कित्येकांना पटत नाही. माझी घरी परतायची वेळ मला ते पटवून गेली.

दुसरी जात अर्ध्या नक्षीची, 40 ते 43 रुंदीची. मधे बारीक, जवळजवळ खेटलेले ठोकळे किंवा ठिपके, कडेला थोडे उंच. ग्रॅव्हलकिंग एसके, श्वाल्बे जी-वन ऑलराउंड, काँटिनेंटल टेरा स्पीड हे या घरातले. डांबरावर पहिल्या जातीपेक्षा किंचित जड, पण आवाज करत नाही. मुरमावर मात्र फरक लगेच कळतो. मुरूम सुका असला की वरचे खडे गोट्यांसारखे घरंगळतात, आणि वळणावर पुढचं चाक सटकतं. कडेचे ठोकळे तिथे धरून ठेवतात.

तिसरी जात बटन टायरची, 40 ते 50. मॅक्सिस रॅम्ब्लर घ्या, किंवा डब्ल्यूटीबीचा रिडलर 45, जो मधे बारीक आणि कडेला दणकट आहे. फुफाट्यात, नाल्याच्या रेतीत, चढावरच्या सुट्या गिट्टीत हा टायर भरवशाचा. डांबरावर तो घूं घूं करतो, आणि मधली बटनं तिथेच झिजतात. आपल्या फेरीत अर्ध्याहून जास्त डांबर असेल तर पैसे डांबरावर घासून टाकल्यासारखे आहेत.

चौथी जात जाड, काटारोधक टूरिंग टायरची. श्वाल्बे मॅरेथॉन प्लसमध्ये नक्षीखाली 5 मिलिमीटर जाडीचा लवचिक रबराचा थर असतो. वजन ग्रॅव्हल टायरच्या जवळपास दुप्पट, चालवायला सुस्त, मुरमावर टणक. पण शाळेत, बँकेत, पंचायतीत रोज सायकलने जाणाऱ्याला वेळेवर पोहोचणं महत्त्वाचं असतं. त्याला मी हाच टायर सांगेन आणि तो डोळे मिटून घे म्हणेन.

काटा

इथे जरा थांबतो, कारण आपल्या भागात खरी निवड याच ठिकाणी होते.

सराटा दिसायला लहान. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला त्याचा वेल वाळतो आणि फळाचे तुकडे होऊन पसरतात. तुकडा कसाही पडला तरी एक टोक वर. ते टोक साध्या टायरमधून सहज ट्यूबपर्यंत जातं. समोरून ट्रक आला की आपण डांबर सोडून कडेला उतरतो, आणि नेमका तिथेच सराटा असतो. एका कडेला उतरलो आणि पुढच्या चाकात अकरा मोजले.

बाभळीचा काटा वेगळा. पांढुरका, सरळ, जोडीने येणारा, बोटाच्या दोन पेरांएवढा. पीक वर आलं की वावराला कुपाटी (काट्यांचं कुंपण) घालायला बाभूळ-हिवराच्या फांद्या तोडतात, बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरमागे ओढत नेतात, आणि पांदणभर काटे सांडत जातात. मॅरेथॉन प्लसचा थर सराट्याला पुरून उरतो, पण बाभळीचा काटा आडवा पडलेला असला तर टायरच्या कडेतून शिरतो, आणि कडेला तो थर नसतो. पऱ्हाटी-तूर निघाल्यावरचे खुंटही असेच कडेवर वार करतात. तिरपा कापलेला तुरीचा खुंट सुरीसारखा असतो, त्यावरून सायकल कधीच नेऊ नये.

म्हणून ग्रॅव्हल टायर घेणार असाल तर ट्यूबलेसच करा, हे मी ठामपणे सांगतो. आत ट्यूब नाही, 60 मिलिलिटरच्या आसपास सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव. काटा घुसला तर तो हाताने ओढून काढायचा, छिद्र खाली येईल असं चाक फिरवायचं. पांढरा द्रव फसफसत बाहेर येतो, दहा-पंधरा सेकंद फुसफूस होते आणि थांबते. त्या अकरा सराट्यांच्या दिवशी ट्यूब होती, मी रस्त्याच्या कडेला तास घालवला. पुढच्या हंगामात तेच चाक ट्यूबलेस होतं. घरी येऊन टायर पुसला तेव्हा सीलंटचे सुकलेले ठिपके दिसले, तेव्हा कुठे कळलं की वाटेत काटे लागले होते.

पण ट्यूबलेसचा आपल्या हवामानात एक खर्च आहे. सीलंट सुकतं. पुड्यावर दोन ते सहा महिने लिहिलेलं असलं तरी पारा 45च्या पुढे जाणाऱ्या मे महिन्यात माझं सीलंट सहा आठवड्यांत रबराच्या सालीसारखं होऊन बसतं. एप्रिल ते जूनमध्ये दर महिन्याला वॉल्व्हचा गाभा काढून उरलेलं तपासा, आणि वर 30 मिलिलिटर घाला. हे करायची तयारी नसेल तर ट्यूबलेसच्या भानगडीत पडू नका, चौथी जात घ्या.

गावात दुरुस्तीचं काय, हा प्रश्न रास्त आहे. मोटारसायकली ट्यूबलेस झाल्यामुळे फाट्यावरच्या प्रत्येक पंक्चरवाल्याला रबराची वात खुपसायची माहीत आहे. फक्त त्याची वात सायकलच्या टायरला जाड पडते, ती उभी चिरून अर्धी करून लावायला सांगा. सायकलचा वॉल्व्ह बारीक प्रेस्टा असतो, त्याच्या नळीला बसत नाही. पितळेचं एक लहान अडॅप्टर पन्नास रुपयांच्या आत मिळतं, ते वॉल्व्हवर कायमचं फिरवून ठेवा. नवा टायर रिमच्या कडेवर 'टक्' करून बसवायलाही त्याच्याच कॉम्प्रेसरचा झोत लागतो, हातपंपाने बहुतेकदा बसत नाही. आणि एक सुटी ट्यूब पिशवीत असू द्याच. मात्र ती टाकायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून अडकलेले सगळे काटे काढा. ट्यूबलेस टायरमध्ये नकळत कितीतरी काटे रुतून बसलेले असतात, आणि ट्यूबला ते एक क्षण टिकू देत नाहीत.

काळी माती

पावसाळ्यात काळ्या मातीसाठी बटन टायर घ्यावा असं पुष्कळ जण समजतात. मीही तसाच घेतला होता. जुलैत एका पांदणीत तीनशे पावलंही गेलो नसेन, चाकं फिरायची थांबली. बटनांच्या फटींत चिखलाचा गारा भरला, त्यावर आणखी गारा, त्यात पऱ्हाटीचा पाला आणि गवत. मागच्या चाकाभोवती फ्रेमपर्यंत माती अशी ठासली की वाळलेल्या तुराटीने कोरून काढावी लागली. कोरून दहा पावलं ढकलली की पुन्हा तेच. शेवटी सायकल खांद्यावर घेतली.

या मातीतली मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि स्वतःलाच चिकटते. तिथे कोणतीच नक्षी चालत नाही. मदत होते ती फक्त फ्रेम आणि टायरमधल्या मोकळ्या जागेची. म्हणून सायकलीत 45 बसत असेल तरी 40 घ्या, दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी फट ठेवा. पाऊस झाल्यावर दोन दिवस मातीची पांदण सोडून द्या, मुरमाची धरा. पालकमंत्री किंवा मातोश्री योजनेत खडी-मुरूम पडलेल्या पांदणी पावसातही चालवण्याजोग्या असतात.

उन्हाळ्यात हीच माती आकसून फाटते. एप्रिलनंतर भेगा एवढ्या रुंदावतात की 35चा टायर सरळ आत जातो. भेग वाटेला समांतर असेल तर हँडल हातात राहत नाही. 42-43च्या टायरने अशा बहुतेक भेगा मी ओलांडल्या आहेत. गुळगुळीत बारीक टायर आपल्या पांदणीला नको, यामागे माझं सगळ्यात मोठं कारण हेच.

वर्धा नदीच्या पलीकडे, झाडीपट्टीत, हिशेब बदलतो. ब्रह्मपुरी, नागभीड, गडचिरोलीकडे धानाच्या बांध्या, रेताड आणि तांबूस माती, वैनगंगेच्या काठची वाळू. तिथे माती बटनांत ठासून बसत नाही आणि सुट्या रेतीत बटनं खरोखर पकड देतात. तिकडच्या माणसाला मी तिसरी जात सुचवेन, 45 रुंदीची.

हवा

माझं वजन 74 किलो. 40च्या ट्यूबलेस टायरला पांदणीसाठी पुढे 32, मागे 36 पीएसआय. ट्यूब असेल तर दोन्हीकडे सहा-सात जास्त, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन छिद्रं पडतात. दिवसभर डांबरच असेल तर 45. पंक्चरवाल्याच्या मीटरवर भरवसा ठेवू नका, तो पाच इकडे-तिकडे दाखवतो, खिशातला लहान गेज घ्या. आणि हवा सकाळच्या गारव्यात भरून दुपारी सायकल उन्हात उभी केली की 36चे 41 होतात. सावलीत लावा.

तर मग कोणता?

पश्चिम विदर्भात, निम्मं डांबर आणि निम्मी पांदण असेल, तर दुसरी जात, 40 ते 43, ट्यूबलेस. मला जोडी साडेआठ हजारांना पडली, सीलंट आणि वॉल्व्ह वेगळे. तीन हिवाळे झाले, मागचा आता मधून सपाट झालाय. बजेट तेवढं नसेल तर फक्त मागचा टायर नवा घ्या असं दुकानदार म्हणतील, कारण झिजतो तो मागचा. तसं करू नका. नवा टायर पुढे लावा आणि पुढचा चांगला राहिलेला मागे न्या. मागचं चाक सटकलं तर सावरता येतं, पुढचं सटकलं की माणूस मुरमावर.

पंचाहत्तर टक्के डांबर आणि मोठ्या फेऱ्या असतील तर 38चा गुळगुळीत टायर, पण तोही ट्यूबलेस. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट करायचा असेल तर तो चढायला हलका वाटेल, पण उतारावर वळणाला वाळू साचलेली असते, तिथे मला अर्ध्या नक्षीचाच आधार वाटतो. समृद्धी महामार्गाचा गुळगुळीत काँक्रीट डोळ्यांसमोर ठेवून टायर निवडू नका, तिथे सायकलला परवानगीच नाही.

रोजच्या कामासाठी, दुरुस्तीला वेळ नसलेल्यासाठी मॅरेथॉन प्लस, 35 किंवा 38, आतून ट्यूब. आणि दिवाळीनंतर, कुपाटीची कामं सुरू झाली की, पांदणीतून जाताना चाकोरीतून न जाता मधल्या गवताळ पट्ट्यातून जा. काटे गाडीच्या चाकोरीत पडलेले असतात.