ड्रायर घ्या, माल आम्ही उचलतो: शेवगा पावडरीच्या नावाखाली झालेली फसवणूक

आमचा महिला बचत गट बार्शी तालुक्यातला. शेवग्याच्या पाल्याची पावडर करा, ड्रायर आमच्याकडून घ्या, तयार माल आम्हीच उचलू, असं सांगत एका कंपनीची माणसं गावात आली. गटाच्या नावावर कर्ज काढून ड्रायर घेतला, स्टॅम्पपेपरवर करार झाला. तीच माणसं आता दुसऱ्या तालुक्यांत फिरतायत असं कानावर आलं, म्हणून हे लिहितेय.

त्यांच्या पत्रकावर ठळक छापलं होतं, ‘संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व’. हा आकडा ताज्या पाल्याचा आहे. उन्हात, सावलीत किंवा गरम हवेच्या ड्रायरमध्ये पाला वाळला की क जीवनसत्त्व बहुतेक जातं. प्रथिनं, कॅल्शियम, लोह टिकतं. बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनतं) कडक उन्हात आणि जास्त आचेवर नासतं. म्हणून तर सावलीत वाळवलेल्या हिरव्यागार पावडरीला भाव असतो.

माल पाठवला आणि शेरा आला: रंग नाही, वास नाही, ओल जास्त. करारात किलोला 350 रुपये होते. ‘नापास माल आहे, 60 नं देत असाल तर उचलतो,’ म्हणाले. एक किलो पावडरीला आठ-दहा किलो ताजा पाला लागतो, तो खुडायचा, धुवायचा, देठ काढायचे. 60 रुपयांत वीजबिलही निघत नाही.

गटातल्या एका ताईंचा मुलगा दूध संकलन केंद्रावर कामाला आहे. त्यानं थर्मामीटर आणून एकेका ट्रेमध्ये ठेवून बघितला. मशिनच्या डिस्प्लेवर 50 अंश. पंख्याजवळच्या वरच्या ट्रेमध्ये पारा 70 च्या वर, तळाच्या ट्रेमध्ये 40 सुद्धा नाही. वरचा पाला खाकी पडलेला, चोळला की वाळल्या कडब्यासारखा वास. तळाचा पाला कडेनं कुरकुरीत, मधे काळपट आणि चिकट. जास्त आचेनं पानातल्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग मळकट होतो. तळाशी पाला तासन् तास ओला राहतो, काळा पडतो, बुरशी धरतो. दोन्ही एकत्र दळलं की रंगही गेला आणि ओलही राहिली. त्यात कंपनीचा माणूस सांगून गेला होता की ट्रे दाबून भरा.

त्याच दिवशी त्याच झाडांचा थोडा पाला आम्ही खोलीत, धुतलेल्या साडीवर पातळ पसरून पंख्याखाली वाळवला. तो हिरवागार राहिला. म्हणजे दोष पाल्यात नव्हता, आमच्या हातातही नव्हता.

मग आजूबाजूच्या गटांना फोन लावले. सगळ्यांना तोच शेरा, तेच शब्द, तोच 60 चा भाव. ही मशिनची चूक नाही, हा धंदाच असा बेतलेला आहे असं माझं ठाम मत झालंय. एकदा ड्रायर विकून कमवायचं, दुसऱ्यांदा नापास माल पाण्याच्या भावात उचलून.

करारात ‘गुणवत्ता पास झाल्यास’ एवढंच लिहिलेलं होतं. ओल किती टक्के चालेल, तपासणी कुठल्या लॅबमध्ये, नमुना कोणासमोर काढणार, यातलं अक्षरही नव्हतं. तुमच्या गावात कुणी असा करार घेऊन आलं तर हे सगळं आकड्यांत लिहून घ्या. नमुन्याची सीलबंद अर्धी पुडी तुमच्याकडे राहिली पाहिजे. आणि पैसे देण्याआधी तुमच्याच पाल्यावर मशिन चालवायला लावून वर, मधे, तळाशी थर्मामीटर ठेवून बघा. विकणारा याला नाही म्हणाला तर बायांनो, तिथूनच परत पाठवा त्याला.

पोलिसांत अर्ज दिलाय. ग्राहक आयोगाकडे जाताना ‘मशिन व्यापारासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही’ असा मुद्दा समोरून येऊ शकतो. कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे, तेव्हा अर्जात ते स्पष्ट लिहा. तक्रारीची मुदत 2 वर्षांची आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.