मोफत वकील, आतून केलेला अर्ज, हायकोर्ट की मानवी हक्क आयोग? कारागृहातल्या माणसासाठी सुरुवात कुठून करावी

घरातला माणूस आत गेला की पहिल्याच आठवड्यात दहा जण दहा सल्ले देतात. कुणी म्हणतं मुंबईला मानवी हक्क आयोगाकडे तक्रार टाका, कुणी म्हणतं थेट हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारविरुद्धची याचिका, करा, कुणी ओळखीच्या वकिलाचं कार्ड हातावर ठेवतं. मुलाखतीला गेलं की आतला माणूस सांगतो, बरॅकमधला एक जुना बंदी, म्हणजे कैदी, अर्ज लिहून देतो म्हणालाय. सगळे रस्ते खरे आहेत, पण सगळे एकाच कामाचे नाहीत. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या जिल्हा कारागृहात ज्यांचं कुणी आहे, त्यांच्यासाठी हे रस्ते शेजारी शेजारी ठेवून पाहू.

आधी एक ठरवा. तुमचा प्रश्न सुटकेचा आहे की वागणुकीचा? जामीन, अपील, रेंगाळलेला खटला हे सुटकेचे प्रश्न. मारहाण, औषध न मिळणं, मुलाखत नाकारणं, जात बघून काम देणं हे वागणुकीचे. सुटकेच्या प्रश्नासाठी आयोगाकडे गेलात तर महिने जातील आणि हाती काही लागणार नाही. वागणुकीच्या प्रश्नासाठी नुसता जामिनाचा वकील गाठलात तर तक्रार कागदावरच येणार नाही.

मोफत वकील आणि पैसे देऊन केलेला वकील

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळतो. उत्पन्न किती, शेती किती, हे कुणी विचारायचं नाही. तरी अनेक घरांतली माणसं आधी तहसीलला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घालतात. त्याची गरज नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्या, किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा, किंवा आतल्या माणसाला कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रात सांगायला लावा. तिथे विधी स्वयंसेवक आणि वकील येतात.

फौजदारी खटल्यांसाठी आता लोकअभिरक्षक ही व्यवस्था आहे. ‘नालसा’ने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, 2022 मध्ये ती आणली. सरकारी पक्षाला जसा सरकारी वकील, तसा आरोपीला लोकअभिरक्षक. हे पूर्णवेळ वकील असतात, त्यांना खासगी केसेस घेता येत नाहीत, आणि कारागृहाला भेट देणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. पक्षकाराकडून एक रुपया घेण्याची त्यांना मुभा नाही. कुणी मागितलाच, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

‘फुकटचा वकील काय कामाचा’ हे वाक्य मला मनापासून खटकतं. रिमांड (कोर्टाने कोठडीत पाठवणं), जामीन आणि नेहमीचे खटले यांत लोकअभिरक्षक खासगी वकिलाच्या तोडीस तोड असतो, आणि आत जाऊन भेटण्याच्या बाबतीत बऱ्याचदा त्याच्या पुढे. त्याची कमजोरी वेगळी आहे. हातात केसेस फार असतात आणि घरच्यांचा फोन दर वेळी उचलला जात नाही. त्यावर उपाय म्हणजे फोनच्या नादी न लागता तारखेच्या दिवशी कोर्टात हजर राहणं. खटला कुठे आहे हे ई-कोर्ट्सच्या अॅपवर सीएनआर नंबर (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) टाकून घरबसल्याही कळतं.

एक अडचण खेड्यांत नेहमी येते. बांधाच्या भांडणात दोघे भाऊ आत गेले आणि दोघे एकमेकांवर ढकलायला लागले, तर एकच कार्यालय दोघांची बाजू घेऊ शकत नाही. अशा वेळी एकाला पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला, वकील मागा, तोही मोफतच असतो. वाटणीचा दावा, घटस्फोट अशा दिवाणी कामांनाही पॅनेलचाच वकील मिळतो.

मग खासगी वकील कधी करावा? खून, बलात्कार, अमली पदार्थ, मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) अशा गंभीर गुन्ह्यात, खटला लांब चालणार असेल, तशा खटल्यांचा अनुभव असलेला वकील ओळखीचा असेल आणि घरची ऐपत असेल, तर जरूर करा. पण नुसत्या जामिनासाठी सोनं गहाण टाकू नका. आणि वकीलपत्रावर सही करण्याआधी एवढं लक्षात ठेवा की नंतर वकील बदलायचा झाला तर आधीच्याची ना हरकत किंवा कोर्टाची परवानगी लागते. त्यात एकदोन तारखा सहज जातात.

वकील कुणीही असो, हे दिवस तुम्हीच मोजा

पोलिसांनी 60 दिवसांत दोषारोपपत्र दाखल केलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. फाशी, जन्मठेप किंवा 10 वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ही मुदत 90 दिवस आहे. दिवस पहिल्या रिमांडच्या तारखेपासून मोजतात. मात्र दोषारोपपत्र येण्याआधी हक्क मागावा लागतो, नंतर तो संपतो. लेखी अर्ज तयार नसेल तर कोर्टासमोर तोंडी मागणीही चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं आहे.

दुसरा हिशेब भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 चा. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्च्या कैदेत, म्हणजे निकाल लागण्याआधीच्या कैदेत, गेला असेल तर जामीन, आणि आधी कधीच शिक्षा न झालेल्यांना एक तृतीयांश काळानंतरच. राहत्या घरातल्या चोरीला कमाल 7 वर्षं शिक्षा आहे. पहिल्याच वेळी सापडलेला मुलगा 2 वर्षं 4 महिने आत राहिला, की कोर्टाकडे अर्ज पाठवणं हे कारागृह अधीक्षकांचं कायद्याने ठरलेलं काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये हे जुन्या खटल्यांनाही लागू केलं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तरी अडतं. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती अशा कच्च्या कैद्यांचा आढावा घेते आणि प्राधिकरणाचे सचिव तिचे सदस्य असतात. आपल्या माणसाचं नाव यादीत आहे का, हे त्यांनाच लेखी विचारा.

आतून केलेला अर्ज

वागणुकीच्या प्रश्नाला माझ्या मते पहिला रस्ता हाच. न्यायालयीन कोठडी कोर्टाच्या आदेशाने असते, म्हणून आत काय चाललंय ते ऐकून घेण्याचा अधिकारही त्या कोर्टाला आहे. खर्च शून्य, वकिलाची सक्ती नाही. बरॅकमधल्या जुन्या बंद्याने लिहून दिला तरी चालतो. तो कोर्टात उभं राहून तुमच्यासाठी बोलू शकत नाही, पण अर्ज लिहायला कुणाची मनाई नाही. जुनी प्रकरणं आणि आपल्या माणसाचं प्रकरण मात्र सारखं नसतं, म्हणून कलमं त्याच्याकडून घेऊ नका, फक्त हकिगत लिहून घ्या.

अर्जाच्या वर कोर्टाचं नाव, खाली ‘मार्फत, मा. अधीक्षक, जिल्हा कारागृह’. मग पूर्ण नाव, बंदी क्रमांक, पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर, अटकेची तारीख, पुढची तारीख. मग काय झालं ते, दिवस, वेळ, जागा आणि पाहणाऱ्यांच्या नावांसह. शेवटी मागणी एका वाक्यात: ‘सिव्हिल हॉस्पिटलमध्ये माझी तपासणी करून अहवाल या न्यायालयात मागवावा.’ संताप, शिव्या, आधीच्या दहा तक्रारी यात मिसळल्या की मूळ मागणी बुडते.

आणि पोहोच घ्या. 1978 च्या होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात निकालाची प्रत बंद्याला दिली होती, असं कारागृहाचं म्हणणं होतं. बंद्याचं म्हणणं, मिळालीच नाही. त्याची सही असलेला एकही कागद निघाला नाही, आणि अपिलाला तोवर चार वर्षांहून जास्त उशीर झाला होता. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत मोफत द्यायची आणि बंद्याकडून लेखी पोहोच घ्यायची. कारागृहाला जी शिस्त लावली तीच आपण पाळायची. आतल्या माणसाने जावक क्रमांक मागून घ्यावा, आणि घरच्यांनी तोच मजकूर प्राधिकरणात देऊन आवक शिक्का घ्यावा. अर्ज अडवला जातोय असं वाटलं तर पुढच्या तारखेला, व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) हजर केलं तरी, न्यायाधीशांना तोंडी सांगता येतं.

शिक्षा लागल्यावरचं अपीलही अधीक्षकांमार्फत आतूनच पाठवता येतं. मुदत हायकोर्टासाठी 60 दिवस, सत्र न्यायालयासाठी 30. सांगलीत शिक्षा होऊन माणूस कोल्हापूरच्या कळंबा किंवा पुण्याच्या येरवडा कारागृहात हलवला, तरी अपील कुठे जायचं ते बदलत नाही. हायकोर्टातला वकीलही विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो.

हायकोर्ट

18 ऑगस्ट 2025 पासून सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं. जत किंवा माण तालुक्यातल्या माणसाला मुंबईची फेरी वाचण्याचं मोल सांगायला नको. संचित रजा (फर्लो) किंवा अभिवचन रजा (पॅरोल) नाकारली, कोर्टाचा आदेश कारागृहाने पाळला नाही, आतल्या माणसाच्या जिवाला धोका आहे, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली फौजदारी रिट याचिका हाच ताकदीचा रस्ता. रजा नाकारल्याचा लेखी आदेश मात्र आधी हातात हवा.

नुसतं पत्रही कधी याचिका होतं. तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा यांनी दुसऱ्या बंद्याच्या छळाबद्दल न्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने तेच याचिका म्हणून ऐकलं. पण प्रत्येक पत्राला ते भाग्य मिळत नाही. गंभीर इजा झाली असेल तरच पत्रावर विसंबा, आणि एकीकडे वकील मागतच राहा.

आयोग आणि माहिती अधिकार

राज्य मानवी हक्क आयोगाकडे वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार हवी. आयोग अहवाल मागवतो, भरपाईची शिफारस करतो. जामीन देत नाही, शिक्षा रद्द करत नाही. मारहाणीत झालेली इजा, कोठडीतला मृत्यू, उपचाराविना बिघडलेली तब्येत यासाठी आयोग योग्य. मुलाखतीची वेळ कमी मिळाली यासाठी नाही.

माहिती अधिकार स्वतः न्याय देत नाही, पण बाकी सगळ्या रस्त्यांना पुरावा पुरवतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. अर्ज शक्यतो बंद्याच्याच नावाने करा, कारण उपचाराच्या नोंदी वैयक्तिक माहिती म्हणून नातेवाइकांना नाकारल्या जातात. मुदत 30 दिवस, पण जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास. हे शब्द अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.

जामीन झाला, तरी माणूस आतच

यात गरिबाची फार परवड होते. जामीन मंजूर होतो आणि जामीनदार मिळत नाही. 31 जानेवारी 2023 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की 7 दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. केंद्राच्या 2023 च्या योजनेत गरीब कच्च्या बंद्याच्या जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी मदत मिळते; 2023 मध्ये तिची मर्यादा अनुक्रमे 40,000 आणि 25,000 रुपये होती. जामिनाच्या अटी सैल करायच्या असोत की ही मदत हवी असो, प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे अर्ज लिहा, सोबत जामिनाच्या आदेशाची प्रत जोडा आणि आठवा दिवस उजाडताच तो देऊन या.