घरी येऊन दुखणे मोजणारी परिचर्या सेवा : पाच महिन्यांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात, तालुक्याच्या ठिकाणच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या परिचारिका मंगळवारी आणि शुक्रवारी घरोघरी येऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचे दुखणे पाहतात. माझ्या वडिलांना जबड्याचा कर्करोग आहे; चाळीस वर्षे तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला नाही. पाच महिने ही सेवा घेतल्यावर तिच्याविषयी लिहावेसे वाटले.

शस्त्रक्रियेच्या वेळी ते एका मोठ्या रुग्णालयात होते. तिथे दर पाळीला कोणीतरी दारातूनच ‘दुखते का?’ असे विचारी, वडील मानेनेच नाही म्हणत आणि कागदावर शून्य लिहिले जाई. रात्री मात्र ते खाटेची कड मुठीत आवळून बसलेले असत. पायात काटा मोडला तरी कापसाची ओळ पुरी करूनच बांधावर येणारा माणूस परक्या मुलीपुढे दुखते असे सहजी सांगणार नाही, हे तिथे कोणाच्या ध्यानात आले नाही.

इथल्या सिस्टर पहिल्या दिवशी तासभर बसल्या. ‘बाबाजी, रुपयातून किती आणे दुखून राह्यलं?’ असे त्यांनी विचारले आणि वडिलांनी, बोलणे अवघड असल्याने, तीन बोटे दाखवली. बारा आणे! एक बोट म्हणजे चार आणे, हा हिशेब त्यांना शिकवावा लागला नाही. सिस्टर वहीत त्याचे शून्य ते दहामधले आकडे करतात, म्हणजे आठ आण्यांचे पाच. पण त्या आकड्यावर थांबत नाहीत. ठणका आहे, की आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखी चमक निघते, हे त्या वेगवेगळे लिहितात, कारण आग आणि चमक ही नस दुखावल्याची खूण असते आणि तिला औषध निराळे लागते. रात्री झोप किती वेळा मोडली आणि घास गिळताना कळ येते का, हेही विचारतात. शेजारच्या आजींना विस्मरणाचा आजार असल्याने काही सांगता येत नाही. त्यांचा श्वास, कण्हणे, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर त्या शांत होतात का, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन त्यांचे दुखणे ताडले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी सौम्य औषधांपासून तीव्र औषधांपर्यंत चढत जाणारी जी शिडी सांगितली, तिचा मुख्य नियम म्हणजे औषध शक्यतो तोंडावाटे आणि घड्याळाप्रमाणे द्यावे, दुखणे उसळण्याची वाट पाहू नये. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनाशामकाच्या, गोळ्या दर चार तासांनी लिहून दिल्या तेव्हा वडिलांना व्यसन लागेल या भीतीने आम्ही दोन दिवस त्या दिल्याच नाहीत. सिस्टरांनी रागावण्याऐवजी आईला शेजारी बसवून समजावले की दुखण्यासाठी नेमून दिलेले औषध वेळेवर घेणे म्हणजे व्यसन नव्हे, आणि त्याच्यासोबत पोट साफ होण्याचे औषध रोज द्यायलाच हवे. गोळीनंतर तासाभराने पुन्हा आणे विचारून लिहायचे, हे काम आता आईच करते. पहिल्याच आठवड्यात बारा आण्यांचे चार आणे झाले आणि वडील सलग पाच तास झोपले.

उणिवाही आहेत. शनिवार-रविवारी फोन उचलला जाईल याची खात्री नाही आणि रात्री दुखणे उसळले तर वहीत लिहिलेल्या जादा मात्रेवरच भागवावे लागते. पावसाळ्यात नाल्याला पूर आला तेव्हा दोन भेटी हुकल्या. सर्वांत मोठी अडचण मॉर्फिनची आहे. अमली पदार्थविषयक कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थेला मॉर्फिन ठेवण्यासाठी अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरते, तरी तालुक्याला गोळ्या मिळत नाहीत आणि भावाला दर पंधरवड्याला एसटीने यवतमाळला जावे लागते. या रुग्णालयाने ती मान्यता घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नाव नोंदवताना रात्रीचा फोन क्रमांक आणि जादा मात्रा किती वेळा द्यायची, या दोन गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात. आम्हाला त्या तिसऱ्या आठवड्यात सुचल्या.