तीन माणसांची फुगवण्याची कयाक: एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

फुगवण्याच्या होडीच्या खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत वजनक्षमता छापलेली असते आणि घेणारा बहुधा तेवढाच आकडा पाहून पैसे मोजतो. ऑक्टोबर ते मेअखेर पवना धरणाच्या जलाशयात आणि अधूनमधून तारकर्लीजवळ कर्ली नदीत अशी कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची लहान होडी, चालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, होडीची रुंदी, बैठकीची उंची आणि वजनाची मांडणी या तीन गोष्टी सोबत पाहिल्याखेरीज त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही; याच घाटाच्या होड्या अनेक जण विकतात आणि पुढील बहुतेक मुद्दे त्या सर्वांनाच लागू पडतात.

माझे वजन 76 किलो, पत्नीचे 58, मुलाचे 31 आणि लाइफ जॅकेट, पाणी, डबा असे मिळून आणखी दहा किलो, म्हणजे एकूण 175 किलो. 180 किलो क्षमतेची दोन माणसांची होडी कागदावर आम्हाला पुरली असती, शिवाय ती बरीच स्वस्त होती. तरीही आम्ही 250 किलो क्षमतेची निवडली, कारण छापील आकडा ही वरची मर्यादा असते. होडी हाताला हलकी आणि पाण्यावर निर्धास्त वाटावी यासाठी त्याच्या सुमारे दोन तृतीयांश, फार तर 70 टक्के भार धरावा, असा कयाक चालवणाऱ्यांमधला रूढ आडाखा आहे. इंटरनेटवर लांबी आणि रुंदी फुटांत घेऊन त्यांच्या गुणाकाराला पंधराने भागायचे, म्हणजे माणसांची संख्या मिळते, असे एक सूत्र फिरत असते. ते अमेरिकेतील 20 फुटांहून लहान मोटरबोटींसाठीचे आहे. तेथे अशा बोटींवर क्षमतेची पाटी सक्तीची असली, तरी कयाक, कनू आणि फुगवण्याच्या होड्या या नियमातून वगळलेल्या आहेत. त्यामुळे आपल्या होडीला ते सूत्र लावण्यात काही हशील नाही.

त्यापेक्षा घरच्या घरी करता येणारा हिशेब अधिक उपयोगी पडतो. आमच्या होडीच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या 28 सेंमी व्यासाच्या आणि साधारण 3.6 मीटर लांबीच्या आहेत. दोन्हींत मिळून सुमारे 440 लिटर हवा मावते. एक लिटर जागा एक किलो भार तोलते, म्हणजे नळ्या पूर्ण बुडाल्या तर 440 किलो. छापील 250 हा आकडा त्याच्या बराच खाली आहे, हे पाहून मला त्या आकड्याबद्दल विश्वास वाटला. पाण्याला टेकणारा तळ अंदाजे 2.3 चौरस मीटर धरला, तर 23 किलो वजन वाढले की होडी एक सेंटीमीटर खाली जाते. आम्ही तिघे बसल्यावर, होडीचे स्वतःचे वजन धरून, ती जेमतेम साडेआठ सेंटीमीटर पाण्यात असते. मुलाने पट्टी धरून हे मोजले आणि हिशेब बऱ्यापैकी जुळला.

स्थिरतेचा खरा आधार मात्र रुंदी हाच आहे. होडी कलल्यावर तिला परत सरळ करणारा जोर रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तेवढ्याच लांबीची 76 सेंमी आणि 91 सेंमी रुंदीची होडी शेजारी ठेवली, तर दुसरीत हा आधार सुमारे पावणेदोनपट असतो. कोकणात अरुंद होडीला बाजूने उलांडी (आडव्या काठ्यांनी जोडलेला तरंगता ओंडका) बांधतात, तीही याच कारणासाठी. आमची होडी 91 सेंमी रुंद आहे. मुलगा अचानक एका बाजूला वाकला, तरी ती थोडी कलते आणि तिथेच थांबते. याची किंमत वेगात मोजावी लागते. शिवाय रुंद होडीला लांब वल्हे लागते. सोबत मिळालेले 220 सेंमीचे वल्हे काठावर घासत असे आणि हाताची साले निघत, म्हणून 240 सेंमीचे वेगळे घ्यावे लागले.

माझी मुख्य तक्रार बैठकींबद्दल आहे. त्या जाड फुगवलेल्या असल्यामुळे दुकानात बसून पाहताना फार सुखाच्या वाटतात, परंतु माणूस आठ-दहा सेंटीमीटर उंच बसतो आणि गुरुत्वमध्यही तेवढाच वर जातो. पत्नीला सुरुवातीला होडी सतत डुचमळते असे वाटे. तिच्या बैठकीतली निम्मी हवा सोडली आणि ती तक्रार त्याच क्षणी संपली. मागच्या बैठकीची पाठ तर जोर लावला की सरकते. त्यामुळे तासाभराने कंबर भरून येते.

तळाशी साचणारे पाणी हाही स्थिरतेचाच प्रश्न आहे. वल्ह्यावरून ओघळणारे पाणी आत जमते, आणि होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ते धावत असल्याने कल आणखी वाढतो. गाडी धुण्याचा मोठा स्पंज सोबत ठेवावा.

दाबाबद्दल विक्रेते फारसे काही सांगत नाहीत. बंद नळीतील हवा 20 अंशांनी तापली, तर दाब साधारण एक पीएसआयने (दर चौरस इंचावर एक पौंड) वाढू पाहतो. आमच्या नळ्या मुळातच एक पीएसआयच्या आहेत, म्हणजे उन्हात काठावर ठेवलेल्या होडीत तो दुप्पट होण्याची शक्यता असते. उलट डिसेंबरच्या सकाळी थंड पाण्यात उतरवल्यावर नळ्या मऊ पडतात, होडी मधोमध केळ्यासारखी वाकते आणि डोलू लागते. म्हणून पाण्यात टाकल्यावर दहा मिनिटे थांबून पुन्हा पंप मारावा, आणि जेवायला काठावर थांबताना थोडी हवा सोडावी.

पवनेत दुपारी वारा उठतो. आमची अशी मांडणी ठरली आहे की मी मागे, पत्नी पुढे, मुलगा मध्ये आणि पाण्याची पिशवी तिच्या पायाशी. मागे भार जास्त झाला की पुढचे टोक उचलले जाते आणि वारा होडीला फिरवतो. होडी सरळ चालावी म्हणून तळाला लावायचे माशाच्या परासारखे पाते बसवलेले असले तरी फिरवतोच. मे महिन्यात पाणी उतरल्यावर काठाशी टोकदार दगड आणि झाडांचे खुंट उघडे पडतात, त्यामुळे होडी ओढत न नेता उचलूनच न्यावी. धरणाच्या भिंतीजवळ आणि सांडव्याकडे जाण्यास मनाई असते. इतरत्रही गावात चौकशी करूनच उतरावे. पोहता येणाऱ्यांना शांत पाण्यात 50 न्यूटनचे (तरंगवणाऱ्या जोराचे माप) जॅकेट चालते; मुलाला मात्र आम्ही पायांमधून पट्टा असलेले 100 न्यूटनचे घेतले आहे.

एकट्यानेच वल्हवायचे असेल, तर मात्र ही होडी घेऊ नये. मी एकटा बसलो की ती चार सेंटीमीटरच पाण्यात उतरते, उंच नळ्यांवर वारा बसतो आणि ती वाऱ्याबरोबर वाहू लागते. अशा वेळी मी 20 लिटरचा कॅन तळ्याच्या पाण्याने भरून पुढच्या टोकाला बांधतो. त्याने होडी सेंटीमीटरभरही खाली जात नाही, पण पुढचे टोक पाण्याला टेकते आणि ती बऱ्यापैकी सरळ चालते.