‘रन’चे ६४५ अर्थ : ऑक्सफर्डचा मोठा कोश कुणासाठी?

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या सुधारित ऑनलाइन आवृत्तीत ‘रन’ या क्रियापदाचे तब्बल ६४५ अर्थ नोंदले आहेत. १९८९च्या २० खंडी आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता. नोंद अप्रतिम आहे. प्रत्येक अर्थाखाली कालक्रमाने अवतरणे आहेत, त्यामुळे धावणारे पाय, वाहणारे पाणी, चालणारे यंत्र, चालवलेली कंपनी हा सगळा विस्तार उलगडत जातो. पण अर्थांची मांडणी ऐतिहासिक आहे, वापराच्या प्रमाणानुसार नाही. ‘रन अ प्रोग्रॅम’ शोधणारा सुरुवातीच्या अर्थांवर थांबला तर हमखास चकतो. शिवाय पूर्ण नोंदीसाठी वर्गणी लागते.

रोजच्या कामाला ऑक्सफर्डचाच मोफत लर्नर्स कोश (इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा) जास्त उपयोगी. आधी वाक्यात कर्म आहे का ते पाहा: ‘द बस रन्स’ अकर्मक, ‘शी रन्स अ हॉटेल’ सकर्मक. बरेच पर्याय तिथेच गळतात. मग क्रियापदानंतरचा शब्द तपासा. ‘रन इन्टू’ म्हणजे अचानक गाठ पडणे, ‘रन आउट ऑफ’ म्हणजे जवळचा साठा संपणे; यांची पाने वेगळी आहेत आणि दुवे मुख्य नोंदीच्या तळाशी असतात. तिथवर न गेल्यानेच अनेकांना अर्थ सापडत नाही. क्रिकेटमधली धाव मात्र नामाच्या स्वतंत्र पानावर शोधावी.